पाठ दुखतेय, मग टीबीची टेस्ट कशाला?

'इम्युनिटी वाढवा' हे आपण इतक्या वेळा ऐकलंय, की ती वाढली म्हणजे चांगलंच, असं आपण धरून चालतो. घरातल्याच एका पाठदुखीनं मला या समजुतीबद्दल पुन्हा विचार करायला लावला. ही गोष्ट त्या पाठदुखीची, आणि शरीरात सतत फिरणाऱ्या, 'सायटोकाइन' नावाच्या छोट्या छोट्या निरोपांची.

शुक्रवारी दुपारी दादाचा फोटो आला. फक्त हाताचा. कोपराच्या खाली, आतल्या बाजूला बॉलपेननं काढलेला गोल आणि गोलाच्या आत लालसर, टणक फुगवटा. खाली एकच ओळ : 'पॉझिटिव्ह आलीय. आता इंजेक्शन लांबणार.'

दादा म्हणजे माझा नाशिकचा मावसभाऊ. वय २५. कॉलेजच्या टीमचा फास्ट बॉलर. 'नाव छापणार नसशील तर लिही' या अटीवर त्यानं परवानगी दिली, म्हणून इथे तो फक्त दादा. तो हातावरचा फुगवटा टीबीच्या मँटू टेस्टचा होता. दादाला खोकला नव्हता, ताप नव्हता, वजनही उतरलेलं नव्हतं. त्याला होती पाठदुखी. पाठीसाठी इंजेक्शन सुरू करायचं ठरलं, आणि डॉक्टर म्हणाले, आधी टीबीची टेस्ट.

मावशीनं मला फोन करून विचारलं, "अगं, तू ते पेपरात लिहितेस ना? मग सांग बघू, पाठीचा आणि टीबीचा काय संबंध?"

मला सांगता आलं नाही. हा लेख म्हणजे मावशीला उशिरा दिलेलं उत्तर आहे.

'गादी बदल, लॅपटॉप कमी कर'

दादाची पाठ दुखायला लागली ती २१व्या वर्षी, थर्ड इयरला. दुखणं विचित्र होतं. दिवसभर बॉलिंग केली तर बरं वाटायचं आणि रात्रभर झोपून उठलं की कंबर लाकडासारखी. पहाटे तीन-चारला दुखण्यानं जाग यायची. सकाळी बुटाची लेस बांधायला वाकता यायचं नाही. तास-दीड तास हालचाल केली, गरम पाण्यानं आंघोळ केली, की माणूस हळूहळू 'सुरू' व्हायचा.

आता २१ वर्षांच्या धडधाकट मुलाची पाठ दुखते म्हटल्यावर लोक काय म्हणतात, ते तुम्हालाही माहितीये. गादी बदल. लॅपटॉप कमी कर. बाइकवरून फिरणं बंद कर. बॉलिंगमुळे लचक भरली असेल. एका डॉक्टरांनी आराम सांगितला. दादानं प्रामाणिकपणे महिनाभर आराम केला आणि दुखणं दुप्पट झालं. एक्स-रे काढला, तो नॉर्मल. मग घरात हळूच एक वाक्य सुरू झालं, 'टेन्शन घेतोय तो नोकरीचं.' दादा सांगतो, दुखण्यापेक्षा हे वाक्य जास्त लागायचं.

अशी तीन वर्षं गेली. मग एक दिवस डोळा लाल झाला, दुखायला लागला, उजेड सहन होईना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळा तपासला आणि प्रश्न मात्र पाठीचा विचारला, "सकाळी उठल्यावर कंबर आखडते का?" तिथून त्याला ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या तज्ज्ञांकडे पाठवलं. एमआरआय झाला, रक्त तपासलं. सीआरपी वाढलेला. आजाराचं नाव कळलं : अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस.

नाव अवघड आहे, पण आजार दुर्मीळ नाही, आणि तो म्हातारपणीचा तर नाहीच. साधारणपणे विशीत, कधी त्याच्याही आधी सुरू होतो. कंबरेच्या तळाशी, माकडहाडाच्या दोन्ही बाजूंना जे सांधे असतात तिथे सूज धरते. उपचार न करता बरीच वर्षं गेली तर मणके एकमेकांना जोडले जाऊ शकतात आणि पाठ वाकायची थांबते. सुरुवातीच्या काळात साध्या एक्स-रेवर काहीच दिसत नाही, असं बऱ्याचदा होतं. म्हणूनच निदानाला वर्षं लागतात.

पण मुळात सूज का धरते? दादाला मार लागला नव्हता, जखम झाली नव्हती. मग शरीर कुणाशी भांडत होतं?

शरीराचा व्हॉट्सअॅप ग्रुप

समजा, भाजी चिरताना बोट कापलं. काही मिनिटांत तिथे लाल होतं, गरम लागतं, सूज येते, दुखतं. हे कापल्यामुळे होतं असं आपल्याला वाटतं. खरं तर यातलं बरंचसं शरीर स्वतः घडवून आणत असतं. तिथल्या पेशी धोका ओळखतात आणि निरोप सोडतात : 'इथे गडबड आहे, या.' निरोप मिळाला की जवळच्या रक्तवाहिन्या रुंद होतात, त्यांच्या भिंती सैल होतात आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाहेर पडून जखमेकडे धावतात.

हे निरोप म्हणजेच सायटोकाइन. ती छोटी प्रोटीन असतात. एक पेशी ती सोडते आणि दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर त्यांच्या मापाचा रिसेप्टर असेल, तरच तिला तो निरोप 'वाचता' येतो. गणपती मंडळाच्या ग्रुपवर 'मंडपात पाणी शिरलंय, लवकर या' असा मेसेज पडला तर तो ग्रुपमधल्यांनाच दिसतो, बाकी गाव झोपलेलं असतं. तसंच हे. आणि हे निरोप लागतातही किती थोडे! ते पिकोग्रॅममध्ये मोजतात. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे पिकोग्रॅम.

सायटोकाइनचे प्रकार डझनावारी आहेत. इंटरफेरॉनचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १९५७ मध्ये लंडनमध्ये अॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान या दोघांनी ते शोधलं. व्हायरसची लागण झालेली पेशी शेजारच्या पेशींना सावध करते, तो हा निरोप. मग इंटरल्युकिन आहेत, त्यांना नावांऐवजी नंबर दिलेत : आयएल-१, आयएल-६, आयएल-१७ वगैरे. आणि आपल्या गोष्टीतला मुख्य निरोप आहे टीएनएफ.

तापाचंही असंच आहे. 'व्हायरसमुळे ताप आला' असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात आयएल-१, आयएल-६ आणि टीएनएफ हे निरोप मेंदूपर्यंत पोहोचतात, आणि मेंदू शरीराचं तापमान मुद्दाम वर नेऊन ठेवतो. म्हणून अंगात ताप असतानाही थंडी वाजते. भूक जाणं, अंग मोडून येणं, 'कुणाशी बोलू नये, नुसतं पडून राहावं' असं वाटणं, यामागेही बऱ्याच अंशी हेच निरोप असतात. म्हणजे तापात तुम्ही लोळत पडता तो आळस नसतो. शरीर आपली ताकद लढाईसाठी वाचवत असतं. (हे वाक्य आईला दाखवायला हरकत नाही. मात्र खरोखर ताप असेल तरच.)

आता महत्त्वाचा भाग. मंडपातलं पाणी उपसून झालं की ग्रुपवर कुणीतरी 'झालं, आता येऊ नका' असं टाकावं लागतं. शरीरातही असे थांबवणारे निरोप असतात. आयएल-१० हा त्यातला एक. निरोगी माणसात 'या' आणि 'थांबा' हे दोन्ही निरोप वेळेवर जातात, म्हणूनच कापलेलं बोट आठवड्याभरात पूर्ववत होतं.

दादाच्या पाठीत नेमकं हेच बिघडलं होतं. 'या, या' चाललेलंच होतं आणि 'थांबा' पुरेसं पोहोचत नव्हतं. मंडप कोरडा, तरी बादल्या घेऊन माणसं येतच होती. तिथे सतत वाजणारे दोन निरोप म्हणजे टीएनएफ आणि आयएल-१७. आणि त्याच्या रिपोर्टमधला तो सीआरपी? आयएल-६चा निरोप लिव्हरला मिळाला की लिव्हर सीआरपी तयार करतं. म्हणजे कुठेतरी आग लागलीय याचा तो लांबून दिसणारा धूर.

एकाच निरोपाची दोन नावं

टीएनएफ म्हणजे 'ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर'. गाठ मारणारा घटक. हे नाव १९७५ मध्ये न्यूयॉर्कमधल्या लॉइड ओल्ड यांच्या टीमनं दिलं, कारण त्यांच्या प्रयोगात उंदरांच्या कॅन्सरच्या गाठी या घटकामुळे मरत होत्या. साहजिकच सगळ्यांना वाटलं, कॅन्सरवर औषध सापडलं!

त्याच शहरात ब्रूस ब्यूटलर आणि अँथनी सेरामी वेगळ्याच प्रश्नामागे होते. मोठ्या आजारात जनावरं झिजून हाडांचा सापळा का होतात? त्यांना झीज घडवणारा एक पदार्थ मिळाला, त्याला त्यांनी 'कॅकेक्टिन' म्हटलं. १९८५ मध्ये लक्षात आलं, की कॅकेक्टिन आणि टीएनएफ एकच आहे. गाठ मारणारा हिरो आणि शरीर झिजवणारा व्हिलन, दोघं एकच!

पुढचं पाऊल लंडनच्या केनेडी इन्स्टिट्यूटमध्ये पडलं. मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी हे दोघं संधिवातानं सुजलेल्या सांध्यांमधल्या पेशी अभ्यासत होते. तिथे पंधरा-वीस निरोपांचा गोंगाट. एकाला गप्प करून उपयोग काय, दुसरे आहेतच की, असं बहुतेकांचं मत. पण या टीमला दिसलं, की टीएनएफ अडवला तर इतर निरोपही कमी होतात. म्हणजे ओरडणारे खूप असले तरी पहिला आवाज देणारा हा होता. १९९२ मध्ये संधिवाताच्या पेशंटवर टीएनएफ अडवणाऱ्या अँटिबॉडीचा पहिला प्रयोग लंडनमध्ये झाला, तोही इतर औषधांनी गुण न आलेल्या पेशंटवर. बरेच जण लवकरच सुधारले. २००३ मध्ये फेल्डमन आणि मैनी यांना या कामासाठी लास्कर पुरस्कार मिळाला.

दादाला जे इंजेक्शन द्यायचं होतं, त्या अॅडॅलिमुमॅबची मुळं इथे आहेत. ही एक अँटिबॉडी आहे. ती टीएनएफला वाटेतच धरते आणि निरोप रिसेप्टरपर्यंत पोहोचू देत नाही. मूळ कंपनीचं हे औषध अनेक वर्षं जगातल्या सर्वांत जास्त खपणाऱ्या औषधांपैकी एक होतं आणि तेवढंच महागही. २०१४ च्या डिसेंबरमध्ये अहमदाबादच्या झायडस कॅडिलानं त्याचं बायोसिमिलर, म्हणजे जवळपास तसंच पण स्वस्त रूप भारतात आणलं. जगातलं ते पहिलं. आज आपल्याकडे अशी इंजेक्शनं बऱ्याच कमी किमतीत मिळतात. 'स्वस्त' हा शब्द मात्र मावशीसमोर वापरू नका. दर पंधरा दिवसांनी एक इंजेक्शन आणि एकाच्या पगारावर चालणारं घर, हा हिशेब सोपा नाही.

आणि आता टीबी

दादा डॉक्टरांना म्हणाला होता, "पण मला टीबी नाहीये." डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला टीबी झालाय असं मी म्हणतच नाही. तुमच्या शरीरात टीबीचे जंतू झोपलेत का, एवढंच मला बघायचंय."

हा फरक समजून घेण्यासारखा आहे. टीबीचा जंतू श्वासावाटे फुप्फुसात गेला की आपल्या पेशी त्याला गिळतात. पण हा जंतू चिवट आहे, अनेकदा तो गिळूनही मरत नाही. मग शरीर दुसरा डाव टाकतं. पेशी त्याच्याभोवती गोल कडं करून उभ्या राहतात आणि त्याला आत कोंडून ठेवतात. या कोठडीला ग्रॅन्युलोमा म्हणतात. जंतू जिवंत असतो, पण बंद. माणूस ठणठणीत असतो, खोकला नाही, ताप नाही, आणि त्याच्यापासून कुणाला लागणही होत नाही. लागण झालेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष टीबी होतो. बाकीचे ही कोठडी आत घेऊन ७०-८० वर्षं सुखानं जगतात. भारतात १५ वर्षांवरच्या साधारण दर तीन माणसांत एक जण असा आहे. म्हणजे तुमच्या लेक्चरच्या एका बेंचवर तिघं बसत असतील तर करा हिशेब.

आता सांगा, या कोठडीभोवतीच्या पेशींना 'जागा सोडू नका, कडं धरून उभे राहा' हा निरोप कोण देत असतं?

टीएनएफ.

हे कळलं तेव्हा मी वही बाजूला ठेवून थोडा वेळ नुसती बसून राहिले. दादाची पाठ ज्या निरोपानं आखडवली होती, बहुधा तोच निरोप त्याच्या फुप्फुसात वर्षानुवर्षं पहारा देत होता. पाठीसाठी तो बंद करायचा, तर पहारेकऱ्यालाही घरी पाठवल्यासारखं.

हे नुसतं पुस्तकी नाही. टीएनएफ अडवणारं पहिलं औषध वापरात आल्यावर, २००१ मध्ये अमेरिकेतून एक रिपोर्ट आला. ते औषध घेणाऱ्या ७० पेशंटना टीबी झाला होता, बऱ्याच जणांना तर उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच. आणि निम्म्याहून जास्त जणांचा टीबी फुप्फुसाच्या बाहेर पसरलेला होता. तेव्हापासून जगभर नियम झाला : आधी टीबी तपासा, मगच इंजेक्शन. ज्या देशात दर तिसऱ्या माणसाच्या शरीरात ही कोठडी आहे, तिथे तर हा नियम पाळायलाच हवा.

मँटू टेस्टही निरोपांवरच चालते. टीबीच्या जंतूचं थोडं प्रोटीन कातडीखाली टोचतात. शरीराची या जंतूशी आधी ओळख असेल, तर ती पेशी धावत येतात, निरोप सोडतात आणि दोन-तीन दिवसांत फुगवटा येतो. तो मिलिमीटरमध्ये मोजतात. लहानपणी घेतलेल्या बीसीजी लशीमुळेही कधी फुगवटा येऊ शकतो, म्हणून दादाची रक्ततपासणीही केली. तीही पॉझिटिव्ह. छातीचा एक्स-रे स्वच्छ. म्हणजे टीबी नाही, पण झोपलेले जंतू आहेत.

दर रविवारी नारिंगी

मग सुरू झाल्या टीबी होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या. आठवड्यातून एकदा, १२ आठवडे. दादानं रविवार ठरवला. त्या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते हे त्याला आधीच सांगितलेलं होतं, तरी पहिल्या रविवारी त्याचा घाबराघुबरा मेसेज आलाच.

इंजेक्शन निदान एक महिना पुढे गेलं. तो महिना वाईट होता. तो पहाटे चारला उठून अंधारात घरात फेऱ्या मारायचा, म्हणजे कंबर मोकळी होईल. एका रात्री त्यानं मला मेसेज केला होता, 'टीबी गेला उडत, मला इंजेक्शन हवंय.' मी सकाळी वाचला.

मावशीनं तिच्या परीनं आघाडी उघडली होती. 'इंजेक्शननं इम्युनिटी कमी होते' हे तिनं कुठूनतरी ऐकलं आणि रोज सकाळी गुळवेलीचा काढा सुरू केला. 'इम्युनिटी बूस्टर'चा डबाही आणला. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, बाकी काय काय घेताय? दादानं काढा सांगितला. डॉक्टरांनी तो लगेच बंद करायला लावला. कारण टीबीच्या या गोळ्यांचा लिव्हरवर ताण येऊ शकतो, त्यात आणखी कशाची भर नको. मावशीला वाईट वाटलं. तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही. २०२० पासून टीव्हीवर, दुकानात, फॅमिली ग्रुपवर तिनं एकच वाक्य ऐकलंय : इम्युनिटी वाढवा.

वाढवायची की सांभाळायची?

मला वाटतं, गडबड या वाक्यातच आहे. इम्युनिटी म्हणजे मोबाइलची बॅटरी नाही, की जितके टक्के जास्त तितकं चांगलं.

२००६ च्या मार्चमधली लंडनची गोष्ट. एका नव्या औषधाच्या चाचणीत सहा तरुण, निरोगी पुरुषांना टीजीएन१४१२ नावाची अँटिबॉडी दिली गेली. डोस प्राण्यांमध्ये सुरक्षित ठरलेल्या डोसच्या पाचशेपट कमी होता. दीड तासाच्या आत सगळ्यांना डोकेदुखी, ताप, उलट्या सुरू झाल्या, मग एकेक अवयव बंद पडायला लागला. त्या औषधानं पेशींना एकदम चेतवलं होतं आणि रक्तात सायटोकाइनचा पूर आला होता. सहाही जण आयसीयूत गेले आणि वाचले, पण एकाला हातापायाच्या बोटांचे भाग गमवावे लागले. त्या सहा जणांची इम्युनिटी कमी नव्हती. ती एकाच वेळी, सगळीकडे, पूर्ण आवाजात सुरू झाली होती.

'सायटोकाइन स्टॉर्म' हा शब्द आपल्याकडे घराघरात पोहोचला तो कोविडमध्ये. तेव्हाचं एक उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' ट्रायलनं दाखवलं, की डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमधले मृत्यू साधारण एक तृतीयांशानं कमी करतं. स्टेरॉइड काय करतं? निरोपांचा गोंगाट दाबतं. पण ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती, त्यांना याच औषधाचा फायदा दिसला नाही. कारण तेव्हा व्हायरसशी लढायला तेच निरोप हवे असतात. औषध तेच, माणूसही तोच, फक्त वेळ वेगळी. २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे पेशंट वाढले, तेव्हा हाताबाहेर गेलेल्या शुगरबरोबरच गरजेपेक्षा जास्त वापरलेलं स्टेरॉइड हेही एक मोठं कारण मानलं गेलं. आवाज फार दाबला की बुरशीही आत शिरते.

मग आपण करायचं काय? उत्तर थोडं बोअरिंग आहे. वेळेवर झोप, लसीकरण, तंबाखू-सिगारेटपासून लांब राहणं आणि व्यायाम. व्यायामाची गंमत तर ऐकाच. पळताना तुमचे स्नायूसुद्धा आयएल-६ सोडतात. हो, कोविडमध्ये बदनाम झालेला तोच. पण स्नायूंमधून थोडा वेळ आलेला हा आयएल-६ पुढे आयएल-१० सारख्या 'थांबा' म्हणणाऱ्या निरोपांना बोलावतो. एकच शब्द कोण म्हणतंय, कुठे म्हणतंय आणि किती वेळ म्हणतंय, यावर त्याचा अर्थ ठरतो.

सध्या

दादाचं इंजेक्शन सुरू होऊन आता पाच महिने झालेत. ते फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. मावशीनं वरच्या कप्प्यात, लोण्याच्या डब्याशेजारी त्याला जागा दिलीय आणि त्या कप्प्याला कुणी हात लावायचा नाही. पंधरा दिवसांतून एकदा तो स्वतःच मांडीत टोचून घेतो. सकाळची आखडण तासाभरावरून दहा मिनिटांवर आलीय. बॉलिंग अजून नाही, पण नेटमध्ये जाऊन उभा राहतो.

बंधनं आहेत. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, येऊन-जाऊन ताप, वजन उतरणं, यातलं काही झालं तर लगेच डॉक्टरांना सांगायचं, कारण गोळ्यांचा कोर्स झाला तरी धोका शून्य होत नाही. जिवंत जंतूंपासून बनवलेली लस विचारल्याशिवाय घ्यायची नाही. आणि हे इंजेक्शन आजार मुळापासून काढत नाही, ते फक्त निरोप अडवतं, हे त्याला स्पष्ट सांगितलंय.

हा लेख मी मावशीला फोनवर वाचून दाखवला. टीबीची कोठडी आणि पहारेकरी तिला पटले. शेवटी म्हणाली, "म्हणजे त्याची ताकद कमी नव्हती तर." मी म्हटलं, "नाही गं." मग ती थोडा वेळ काही बोलली नाही. 'टेन्शन घेतोय तो' हे वाक्य तिला आठवलं असणार. मलाही आठवलं. एकदा तरी ते मीही म्हटलं होतं.

मित्राची पाठ दुखतेय? हे विचारून बघा

• दुखणं तीन महिन्यांपेक्षा जास्त आहे आणि हळूहळू सुरू झालंय का?
• सकाळी उठल्यावर अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ कंबर आखडलेली असते का?
• आरामानं वाढतं आणि हालचालीनं कमी होतं का?
• रात्रीच्या उत्तरार्धात दुखण्यानं जाग येते का?
• कधी डोळा लाल होऊन दुखलाय का? घरात कुणाला असा आजार आहे का?

यातल्या दोन-तीन प्रश्नांना 'हो' असेल तर गादी बदलण्याआधी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना दाखवा. मुलींनाही हा आजार होतो आणि त्यांच्यात तो बरेचदा उशिरा ओळखला जातो. नेटवर वाचून एचएलए-बी२७ ही टेस्ट आपली आपण करायला धावू नका. ती पॉझिटिव्ह असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. आणि डॉक्टरांनी पाठदुखीसाठी टीबीची टेस्ट सांगितली, तर आता तुम्हाला कारण माहितीये.